वाट चुकलेला घोट

रंटगेनने क्ष-किरण शोधले त्याला जेमतेम वर्ष होत होतं. 1896 च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने एका हंसाला बिस्मथ खाऊ घातलं आणि त्याच्या लांबलचक मानेतून तो घास खाली सरकताना पडद्यावर पाहिला. जिवंत प्राणी गिळतो कसा, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं. पुढे 1904 मध्ये म्युनिकच्या हर्मान रीडरने माणसांसाठी बिस्मथचं जेवण रुळवलं. पण बिस्मथच्या त्या क्षारातून विषबाधा होऊ लागली. 1910 मध्ये जर्मनीतच बाखेम आणि ग्युंटर यांनी बेरियम सल्फेट सुचवलं. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. सल्फेट मात्र विरघळतच नाही, आलं तसं निघून जातं. आजही रुग्णाच्या हातात तोच खडूसारखा पांढरा पेला येतो.

पण तो पेला पोटासाठी होता. तपासणाऱ्याची नजर अन्ननलिकेवर आणि जठरावर असे. घशातला टप्पा सेकंदभरात संपे. एखाद्याला ठसका लागून बेरियम श्वासनलिकेत उतरलं तर तपासणी बिघडली म्हणायचं, खोकायला लावायचं, थांबायचं. तो ठसकाच खरा आजार सांगत असेल, हे लक्षात यायला फार वर्षं जावी लागली, आणि मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

तेव्हा फुप्फुसात असं द्रव्य मुद्दाम सोडलंही जात होतं. 1922 मध्ये सिकार आणि फॉरेस्टिए या फ्रेंच डॉक्टरांनी आयोडीनयुक्त तेल, म्हणजे लिपिओडॉल, श्वासनलिकेत घालून तिच्या फांद्यांचं चित्र काढलं. सीटी स्कॅन येईपर्यंत ही पद्धत चालली. म्हणजे काहीही आत गेलं की घात झालाच, असं नव्हतं. काय गेलं आणि किती गेलं, यावर सगळं होतं.

हे पटलं ते गॅस्ट्रोग्राफिनमुळे. 1950 च्या दशकात आलेलं हे पाण्यात विरघळणारं द्रव्य स्वच्छ आणि निरुपद्रवी वाटे. अन्ननलिकेला भोक पडल्याची शंका असली की बेरियम टाळून हेच देत, कारण छातीच्या पोकळीत सांडलेलं बेरियम त्रास देतं. मात्र त्याची संहती रक्ताच्या सहा पटींहून अधिक. ते फुप्फुसात गेलं की वायुकोशांत आजूबाजूचं पाणी ओढून घेतं. फुप्फुस पाण्याने भरतं, माणूस दगावूही शकतो. ज्याला ठसका लागतो त्याला हे द्यायचंच नाही, हा नियम त्यातूनच झाला. थोडं बेरियम परवडतं, किंवा पुढे आलेली कमी संहतीची आयोडीन द्रव्यं. बेरियमही मोठ्या प्रमाणात गेलं तर श्वास अडवतं. वृद्ध, अशक्त रुग्णांचे मृत्यू नोंदले गेले आहेत.

खरा पालट जेरी लोगमन यांनी घडवला. या अमेरिकन वाचा-गिळणतज्ज्ञांचं पुस्तक 1983 मध्ये आलं. रुग्णाला बसवायचं, बाजूने चित्र घ्यायचं, सुरुवात एका मिलिलिटर बेरियमने. मग तीन, पाच, दहा, नंतर दाट पदार्थ, शेवटी बेरियम लावलेला बिस्किटाचा तुकडा. चुकीच्या वाटेने काही गेलं तर तिथेच न संपवता, कसं गिळलं तर जात नाही ते शोधायचं. पडद्यावर स्वरयंत्रातून एक बारीक धार श्वासनलिकेत उतरताना दिसते आणि रुग्ण शांत बसलेला असतो. खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही. स्वरतंतूंखाली द्रव्य गेलं तरी प्रतिकाराची हालचाल नाही, ही रोझेनबेक यांच्या 1996 च्या आठ पायऱ्यांच्या मोजपट्टीतली शेवटची, आठवी पायरी. घरच्यांना वाटतं, जेवतात बिचारे नीट. आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत राहतो.

आपल्याकडे ठसका लागला की मुलाला 'वर बघ' म्हणतात. या तपासणीत मात्र उलट दिसलं: अनेक रुग्णांनी हनुवटी छातीकडे झुकवून गिळलं की श्वासमार्ग झाकला जातो आणि धार थांबते. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, म्हणून तर पडद्यावर करून पाहायचं. पक्षाघातानंतर, तोंडा-घशाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोपचारानंतर (आणि तंबाखूमुळे असे रुग्ण महाराष्ट्रात काही कमी नाहीत) एवढ्या एका हालचालीने कुणाचं तोंडाने जेवणं शाबूत राहू शकतं. 1988 मध्ये सुझन लँगमोर यांनी नाकातून दुर्बीण घालून पाहण्याची पद्धत मांडली. तिला किरण लागत नाहीत, पण ऐन गिळण्याच्या क्षणी दृश्य झाकोळतं. दोन्ही लागतात.

आत गेलेलं थोडं बेरियम बहुतेकदा खोकल्याने आणि श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांच्या लाटेने वर येतं. वायुकोशांपर्यंत पोचलेलं मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहू शकतं. म्हणून या तपासणीचा कागद फाइलमधून काढू नये. पुढे कधी छातीचा एक्स-रे काढला आणि त्यात पांढरे ठिपके दिसले, तर नव्या डॉक्टरला आधी तो कागद दाखवावा.