न जुळलेले रीड आणि १२ चा फ्लॅग

सिक्वेन्सिंगमधून मिळालेले डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे रीड, संदर्भ जीनोमशी जुळवले की निकाल सॅम किंवा बॅम फाइलमध्ये येतो. प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या रकान्यात एक आकडा असतो, तो फ्लॅग. काही रीड कुठेच जुळत नाहीत. माणसाच्या नमुन्यात जंतूंचा डीएनए शोधणाऱ्याला नेमके तेच हवे असतात, आणि ते निवडायचे तर हा आकडा फोडता यायला हवा.

फ्लॅग ही बेरीज असते. १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढणाऱ्या प्रत्येक संख्येमागे एक विधान आहे. १ म्हणजे रीड जोडीतला आहे, ४ म्हणजे तो जुळला नाही, ८ म्हणजे त्याचा जोडीदार जुळला नाही, ६४ म्हणजे जोडीतला पहिला, १२८ म्हणजे दुसरा. जी विधानं खरी, तेवढ्याच संख्या मिळवायच्या. दुपटीमुळे कोणतीही बेरीज एकाच प्रकारे फुटते. ७७ मधून ६४ वजा केले की १३ उरतात, म्हणजे ८, ४ आणि १. जोडीतला हा पहिला रीड जुळला नाही, त्याचा जोडीदारही नाही. त्या जोडीदाराचा फ्लॅग १४१.

या फाइली हाताळणाऱ्या सॅमटूल्स या साधनाला छोट्या एफपुढे (-f) ४ दिले की ज्यांच्या बेरजेत ४ आहे ते सगळे रीड मिळतात, ७७ वालाही. मोठा एफ (-F) त्यांनाच वगळतो. इथवर सरळ आहे.

खरी काळजी १२ पाशी, म्हणजे ४ आणि ८ एकत्र देताना, घ्यावी लागते. छोटा एफ ४ आणि ८ दोन्ही असतील तरच रीड ठेवतो. मोठा एफ मात्र दोघांपैकी एक जरी दिसला तरी रीड टाकून देतो. म्हणून या दोन गाळण्या एकमेकींना पूरक नाहीत. एक जुळलेला आणि एक न जुळलेला अशी जोडी घ्या: फ्लॅग ६९ आणि १३७. ती छोट्या एफ १२ ने काढलेल्या फाइलीत येत नाही, मोठ्या एफ १२ ने काढलेल्या फाइलीतही नाही, आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. छोट्या एफ १२ चा खरा पूरक म्हणजे मोठा जी १२, कारण तो ४ आणि ८ दोन्ही असलेले रीडच वगळतो.

या अर्ध्या जुळलेल्या जोड्या हातच्या जाऊ देऊ नयेत. माणसाच्या गुणसूत्रात विषाणूचा डीएनए शिरला असेल, तर त्या सांध्याजवळ जोडीतला एक रीड जुळतो आणि दुसरा अडतो. तो अडलेला रीड काढायचा तर छोटा एफ ४ आणि मोठा एफ ८ एकत्र द्यावेत. त्याच्या ओळीत गुणसूत्राचं नाव आणि जागा दिसली तर गोंधळू नका. ती जोडीदाराची असते, क्रम लावताना दोघे शेजारी राहावेत म्हणून लिहिलेली. रीड जुळला की नाही हे फ्लॅगमधला ४ च सांगतो.