ठासणीच्या बंदुकीचा दस्ता

यवतमाळच्या जंगलात साग मुबलक. त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण बंदुकीच्या दस्त्याला धक्का सोसणारं लाकूड लागतं, आणि तिथे अक्रोड सागाहून सरस. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासतात. बार उडाला की धक्का दस्त्यातून थेट खांद्यावर येतो. दस्त्याची मान सगळ्यांत बारीक; तिथे लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेनेच हवेत, आडवे गेले तर मान मोडते. म्हणून जाणता कारागीर आखणीआधी तंतू निरखतो. नळीची खाच कोरायला त्याला बराच वेळ लागतो, कारण लोखंड लाकडाला सगळीकडे सारखं टेकायला हवं. पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक बाळगायची, तरी परवाना लागतोच.