डोक्यावरची रोवणी

श्रावणात रोवणी आटोपून माझा भाचा आरमोरीहून चंद्रपूरला आला. चहा झाला, ताईची खुशाली विचारून झाली. पण या गृहस्थाची नजर काही माझ्या चेहऱ्यावर ठरेना. ती माझ्या डोक्यावर खिळली होती. अखेर त्याने विचारले, "मामाजी, मंडईपर्यंत केस येतील का जी?"

मंडई म्हणजे काय, हे पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्रभर नाटके होतात, पाहुणेरावळे जमतात, आणि सोयरिकीची बोलणीही त्याच गर्दीत निघतात. भाचा चोवीस वर्षांचा. दोन ठिकाणांहून नकार आला होता आणि कारण दोन्हीकडे एकच : मुलगा थोराड दिसतो. भाऊजी एक एकर बांधी गहाण टाकून पैसे उभे करावयास तयार झाले होते. हे ऐकले मात्र, मी कप खाली ठेवला.

कारण ज्या गोष्टीसाठी ही बांधी गहाण पडणार होती, ती मी स्वतः करून बसलो आहे. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी नागपूरला जाऊन डोक्यावर केस लावून घेतले. मराठीच्या प्राध्यापकाला केस कशाला हवेत, असे कोणी विचारील. आमच्या सौभाग्यवतींनीही विचारले. फळ्याकडे वळलो की मागच्या बाकावरून 'चंद्रोदय झाला' असे ऐकू येई, हे मी त्यांना सांगितले नाही. आमचे चंद्रपूर वसले तेही, आख्यायिका खरी मानली तर, खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाचा त्वचारोग झरपट नदीच्या पाण्याने बरा झाला म्हणून! राजाला जी चिंता सुटली नाही ती प्राध्यापकाला कशी सुटावी, अशी मी माझी समजूत घातली.

भाच्याला मी सारा प्रकार त्याच्याच भाषेत सांगितला. पुरुषांच्या वारशाने येणाऱ्या टकलात पुढचे आणि टाळूवरचे केस डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाला बळी पडतात. मागच्या पट्ट्यातले केस त्याला सहसा दाद देत नाहीत. हे मागचे केस मुळासकट काढून पुढे लावले, तर जागा बदलली तरी ते आपला मूळ गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्रिच यांनी १९५२ साली हा प्रयोग केला आणि १९५९ साली हे तत्त्व मांडले. त्यांच्याही आधी, १९३९ साली, जपानच्या शोजी ओकुदा या डॉक्टरांनी भाजल्याच्या वणांवर केस लावल्याचे लिहून ठेवले होते. पण महायुद्धाच्या धामधुमीत पाश्चात्त्य डॉक्टरांच्या ते नजरेस आले नाही.

ओरेंट्रिच यांच्या काळी चार-चार मिलिमीटरचे तुकडे लावीत, त्यामुळे डोके बाहुलीच्या डोक्यासारखे झुबकेदार दिसे. पुढे मागच्या कातडीची पट्टीच कापून तिच्यातून केस सोडविण्याची पद्धत आली. तिचा टाक्यांचा लांब वण राहतो. आता 'एफ. यू. ई.' या नावाने जी चालते तिच्यात पट्टी कापीत नाहीत. आपले केस एक ते चार अशा पुंजक्यांनी उगवतात. साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक तोंडाच्या पोकळ हत्याराने एकेक पुंजका सोडवून घेतात. २००२ साली रॅसमन आणि बर्नस्टीन या डॉक्टरांच्या निबंधाने हे नाव रूढ झाले. थोडक्यात, पऱ्हे उपटून बांधीत लावावयाचे. फरक इतकाच की येथे पऱ्हे मोजके असतात. मागचा जो पुंजका काढला, त्या जागी दुसरा उगवत नाही.

पहिल्यांदा मी ज्या ठिकाणी गेलो, तेथे डॉक्टरांऐवजी टाय लावलेला एक तरुण भेटला. त्याने माझे डोके दुरूनच पाहिले आणि "सर, पाच हजार पुंजके एका दिवसात, वर सवलत," असे सांगून टाकले. साडी घेताना चार दुकाने फिरणारी आमची मंडळी सोबत होती म्हणून मी वाचलो. २०१९ साली मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाचा अशा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केस लावल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावे, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून पहिला प्रश्न दराचा नव्हे, तर हत्यार कोणाच्या हातात राहणार, हा विचारावा. आणीबाणीला औषधे व प्राणवायू जवळ आहेत काय, हा दुसरा.

दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी मला आधी निराशच केले. भिंगातून मागचे केस तपासून म्हणाले, "बावीसशे पुंजके. विशीतली कपाळरेषा मिळणार नाही, चाळिशीतली मिळेल." मग रक्त तपासले, रक्तदाब घेतला आणि आमच्या मुलखाचा हुकमी प्रश्न टाकला : "खर्रा खाता?" तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांची उपासमार होते. बिडी, सिगारेट, खर्रा, काहीच चालत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डोके भादरले. दुखले ते फक्त बधिर करण्याच्या सुया टोचताना. दहा मिनिटे मला सगळे देव आठवले. नंतर दुखणे नाही, कंटाळा. तीन तास पालथे पडून पुंजके काढून घ्यावयाचे. ते थंड क्षारद्रवात बुडवून मोजून ठेवतात. मधे जेवण. मग उताणे पडून लावणी. आधी डॉक्टर बारीक चिरा पाडतात. त्यांचा कोन आणि दिशा यांवर केस खरे दिसणार की लावलेले, हे ठरते. अगदी पुढच्या ओळीत एकेरी केसाचे पुंजके, दाट ते मागे. असे आठ तास.

पहिल्या काही रात्री उशांना टेकून अर्धवट बसून झोपावे लागले. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली आणि आरशात मीच मला ओळखले नाही. ही सूज आपोआप जाते. धुताना नळाची धार नको, मगाने हळू पाणी सोडावयाचे. खपल्या दहाव्या दिवसापर्यंत गळतात. नखाने काढल्या तर मुळे हातात येतात. मी डिसेंबर निवडला होता तो याचसाठी. मे महिन्यात आमच्याकडे पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळिसावर जातो, आणि ओल्या वणांवर ऊन व घाम दोन्ही वाईट.

यानंतरचा भाग कोणी सांगत नाही, म्हणून मी ठळक सांगतो. दुसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळू लागतात. दीड महिन्यात बहुतेक गळून जातात. तेव्हा पैसे बुडाले असे वाटून मी दोन रात्री झोपलो नाही. पण रोवलेले धान आधी पिवळे पडते आणि मग हिरवे होते, हे आरमोरीच्या पोराला काय सांगावयाचे? वरचा केस जातो, मूळ राहते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव दिसते, सहाव्यात अर्धे काम, आणि पुरते पीक वर्षाने, कधी त्याहूनही उशिरा. मागच्या बाजूस पांढरे ठिपके राहतात; केस अगदी बारीक कापले तर दिसतात. 'वणाशिवाय' अशी जाहिरात असेल तर ती खरी मानू नये.

"म्हणजे मंडईपर्यंत नाही," भाचा म्हणाला.

"मंडईपर्यंत उलट आहेत ते जातील."

त्याचे तोंड उतरले. तेव्हा मी त्याला त्या बाईची गोष्ट सांगितली.

दहाव्या दिवशी खपल्या दाखवावयास गेलो असताना बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. गडचिरोलीकडच्या, पन्नाशीच्या. चेहऱ्यावर काहीतरी चुकत होते आणि काय ते कळेना. मग लक्षात आले, भुवया नव्हत्या. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात भुवया जातात. ज्या जिल्ह्यात बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले, तेथल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. बाईंचा रोग औषधांनी कधीच बरा झाला होता. त्या म्हणाल्या, "रोग गेला जी, पन लोकायचा विश्वास बसत नाही. तोंड पाह्यलं का वळकते. पोरीची सोयरीक दोनदा मोडली." त्या डोक्यामागचे केस भुवयांवर लावून घेण्यासाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी फक्त साहित्याचे पैसे घेतले, असे नंतर कळले. मी टोपी काढून हातात घेतली. आमच्या दोघांच्या डोक्यांवर एकच विद्या चालणार होती. पण ती मूळची कोणासाठी जन्मली, हे मला त्या बाकावर समजले. ओकुदांनी तरी कोणाच्या कपाळरेषेसाठी थोडेच हत्यार उचलले होते!

सप्टेंबरात भाच्याला घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला नकार दिला. चोविशीत टक्कल कोठवर सरकणार ते कळत नाही. आज पुढे ओळ लावली आणि उद्या तिच्यामागचे मूळचे केस गेले, तर समोर बांध आणि मागे पडीत, असे होते. आणि तोवर मागची कोठी रिकामी झालेली. आधी रक्त तपासले; कारण प्रत्येक गळती वारशाची नसते. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगावकडच्या गावांतून माणसांचे केस एकाएकी हातात येऊ लागले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमशी जोडला. अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. तेथे रोवणीचे काय काम? भाच्याची गळती मात्र वारशाचीच निघाली. त्याला मिनॉक्सिडिल लावावयास दिले. फिनास्टराइडची गोळी देण्यापूर्वी, काही थोड्या पुरुषांना तिच्यामुळे लैंगिक तक्रारी होतात, हेही डॉक्टरांनी उघड सांगितले. "वर्षभर औषध, खर्रा बंद. मग पाहू." औषध थांबले की लाभही ओसरतो, हे त्यात आलेच. शस्त्रक्रियेनेही उरलेले केस राखण्याची ही जबाबदारी सुटत नाही. मी स्वतः आजही औषध लावतो.

परतताना दारात त्या बाई भेटल्या. मी ओळखले नाही, त्यांनीच ओळखले. भुवया आल्या होत्या, काळ्याभोर. पण केस पडले डोक्याचे. भुवईवर लावले तरी ते डोक्याच्याच चालीने, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. म्हणून कातरावे लागतात.

"कोण कातरते?" मी विचारले.

"पोरगी," बाई म्हणाल्या. "माहेरी आली का कातरते."

भाचा गाडीत बराच वेळ बोलला नाही. मूल गेल्यावर म्हणाला, "मामाजी, मंडईत मूलकडचे पाहुणे येतात म्हणे पाहाले. टोपी घालू का?"

"नको," मी म्हणालो.

भाऊजींची बांधी गहाण पडली नाही. तिच्यातले धान आता कापणीला आले आहे.