घरभाड्याची अनामत

घर भाड्याने देताना मालक भाडेकरूकडून जी ठोक रक्कम ठेवून घेतो, तिला अनामत किंवा डिपॉझिट म्हणतात. ती देताना फारशी घासाघीस होत नाही. नव्या गावी बिऱ्हाड थाटण्याच्या घाईत असलेल्या माणसाला किल्ली हवी असते. कुरबूर सुरू होते ती बिऱ्हाड हलविताना. सामान टेम्पोत चढलेले असते, मुलांचे शाळेचे दाखले निघालेले असतात, आणि नेमका त्याच वेळी मालक भिंतीवरचे डाग मोजू लागतो.

अनामत हा शब्द मूळ अरबी ‘अमानत’. भरवशाने दुसऱ्यापाशी ठेवलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. अशा वस्तूचा धनी ठेवणारा असतो, सांभाळणारा नव्हे. पागडीची गोष्ट निराळी. ती परत करावयाची नसतेच. भाड्याखेरीज अशी जादा रक्कम घेण्यास मुंबई राज्याच्या १९४७ च्या कायद्याने मनाई केली होती, तरी पागडी चालतच राहिली, आणि अखेर महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. अनामत मात्र पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत भाडेकरूचीच असते.

ती किती असावी, याला गावोगावची रूढी हेच माप. बेळगावचे अनेक तरुण नोकरीसाठी बेंगळुरूस जातात. तेथे दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची चाल जुनी आहे. एवढी रक्कम मालकापाशी वर्षानुवर्षे राहिली तर तिचे व्याजही त्यालाच मिळते. सरकारने हे ओळखले आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क आकारताना, परत करावयाच्या अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज कल्पून ते भाड्याच्या रकमेत मिळवितात. पन्नास हजारांच्या अनामतीवर वर्षाचे पाच हजार अशा रीतीने धरले जातात. शुल्क थोडे, शेकडा पाव रुपया इतकेच. पण हिशेब बोलका आहे. भाडेकरूच्या पदरात त्या व्याजातले सहसा काही पडत नाही.

परतफेडीला विलंब का होतो, याचे खरे कारण बहुधा भिंतीवर नसून मालकाच्या खिशात असते. अनामत बाजूला ठेवण्याची सवय थोड्यांना. ती घराच्या कर्जात गेलेली असते, मुलीच्या लग्नात गेलेली असते. नवा भाडेकरू येऊन त्याची अनामत हाती पडेपर्यंत जुन्याला “पुढल्या आठवड्यात पाहू” असे सांगावे लागते. मग वेळ काढण्यासाठी दोष शोधले जातात. सगळेच मालक असे नसतात, हे उघड आहे; फुटलेले बेसिन, थकलेले विजेचे बिल आणि तीनांपैकी दोनच किल्ल्या मागे ठेवून जाणारे भाडेकरूही कमी नाहीत.

वादाचा गाभा एका प्रश्नात आहे: झीज कोणती आणि नुकसान कोणते? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात याचे उत्तर आहे. घर ज्या स्थितीत मिळाले त्याच स्थितीत भाडेकरूने परत करावे. मात्र रास्त वापराने होणारी झीज आणि अनिवार्य आपत्ती यांतून झालेला बदल त्याच्या माथी मारता येत नाही. हे कलम भाडेपट्ट्यापुरते आहे खरे, परंतु लिव्ह अँड लायसन्सच्या करारांतही हेच वाक्य बहुधा उतरविलेले असते. तीन पावसाळ्यांत रंग फिका पडला, उंबऱ्याजवळची फरशी घासली गेली, नळाची चकाकी गेली, ही झीज होय. दाराला भोक पाडले, काच फोडली, फरशीवर जड वस्तू आपटून ती तडकविली, हे नुकसान. छपरातून गळलेल्या पाण्याने भिंत फुगली असेल तर तो खर्च भाडेकरूचा कसा?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात ही वाटणी अधिक स्पष्ट केली आहे. करारात निराळे ठरले नसेल तर भिंतींची सफेदी, दारेखिडक्यांचा रंग आणि विजेच्या तारा मालकाकडे; नळाचे वॉशर, बटणे, गीझरची दुरुस्ती आणि खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि ताबा घेतला त्याच दिवशी देणे वजा करून ती परत करावी, असेही त्यात म्हटले आहे. परंतु हा नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्यावाचून त्याचा कोणालाच आधार घेता येत नाही.

म्हणून करारच नीट वाचावा लागतो. ‘रंगासाठी एक महिन्याचे भाडे कापले जाईल’ असे त्यात असेल आणि खाली सही असेल, तर नंतरची तक्रार दुबळी ठरते. महाराष्ट्रात करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे असून ती जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. राहावयास येतानाच पंखे, दिवे, नळ, किल्ल्या यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. भिंतींची आणि फरशीची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत. अनामत रोख न देता बँकेमार्फत द्यावी.

अनामत बुडेल या भीतीने काही भाडेकरू अखेरचे दोन महिने भाडेच देत नाहीत. त्याने प्रामाणिक मालकही बिथरतो, आणि वीजबिलासाठी काही शिल्लक राहत नाही. “पैसे द्या, मगच किल्ली” हा हट्ट तर महागात पडणारा आहे: महाराष्ट्रात लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. किल्ली द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि वजावटीचा तपशील बिलांसह लेखी मागावा.

एवढ्यानेही रक्कम मिळाली नाही तर पोहोच मिळेल अशा टपालाने मागणीपत्र पाठवावे. दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, परंतु पंचवीस-तीस हजारांसाठी वकील लावणे पुष्कळांना परवडत नाही, आणि हे मालकालाही ठाऊक असते. अशांसाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करण्याची वाट आहे. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत नेता येते. त्यासाठी न्यायालयीन फी लागत नाही. तेथे तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि तिच्यावर अपील चालत नाही. दुसरी बाजू आलीच नाही किंवा तडजोडीस राजी झाली नाही, तर मात्र न्यायालयाचीच पायरी चढावी लागते, आणि तेव्हा ती सह्या केलेली यादी उपयोगी पडते.