संगणकाचा पडदा काळा पडल्यास

सकाळच्या घाईंत कोणी संगणकाचें बटन दाबावें, आंतला पंखा नेहमींप्रमाणें घुमूं लागावा, पेटीवरचा दिवाहि लागावा, पण समोरच्या पडद्यावर कांहींच उमटूं नये, असा प्रसंग हल्लीं पुष्कळ घरांतून येतो. एकत्र कुटुंबांत हें यंत्र एकट्याचें नसतें. त्यांत वडील माणसांचे पेन्शनचे व बँकेचे कागद असतात, सूनबाईंचें कचेरीचें काम असतें, मुलांचा अभ्यास असतो आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतील मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें असतात. पडदा काळा पडला कीं हें सगळें बुडालें अशी भीति प्रथम मनांत येते, आणि त्या भीतीच्या भरांत यंत्र उचलून दुकानांत नेलें जातें. तेथें ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल मिळाला, म्हणजे पुढचें बोलणें समजत नसल्यामुळें आपण निमूटपणें पैसे मोजतों. दुरुस्ती करणारे सगळेच लबाड असतात असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं; त्यांतील कित्येक थोडक्या मोबदल्यांत जीव ओतून काम करतात. परंतु जो रोगी आपलें कोठें व केव्हां दुखतें हें नीट सांगतो, त्याला औषधहि नेमकें मिळतें.

प्रथम एवढें ध्यानांत घ्यावें, कीं चित्र दिसणें व माहिती शाबूत असणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. कागदपत्रें व छायाचित्रें हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर सांठविलेलीं असतात. चित्र काढण्याचें काम ग्राफिक्स कार्डाकडे, अथवा तें नसल्यास प्रोसेसरमधील चित्रविभागाकडे असतें. चित्रकार आजारी पडला म्हणून कोठारांतलें धान्य नासत नाहीं.

हें चित्र पडद्यापर्यंत पोंचतें कसें? साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० व उभे १०८० मिळून २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके असतात. सामान्यतः दर सेकंदास तें सबंध चित्र ६० वेळां नव्यानें पाठविलें जातें. म्हणजे सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग कळवावयाचा. हा सारा हिशेब कार्डाच्या स्मृतींत तयार होतो, तेथून केबलींतून मॉनिटरकडे जातो, व मॉनिटर तो प्रकाशांत उतरवितो. पडदा हें या सांखळीचें केवळ शेवटचें कडें आहे. अंधार तेथें दिसतो म्हणून दोषहि तेथेंच असतो असें नाहीं. तरी तपासणी मात्र तेथूनच सुरू करावी, कारण तेथें पेटी उघडावी लागत नाहीं.

मॉनिटरला स्वतःचीं बटनें असतात. त्यांतील मेनूचें बटन दाबलें असतां उजेड कमी-अधिक करण्याचा जो तक्ता उमटतो, तो मॉनिटर स्वतः काढतो. त्याला संगणकाची मदत लागत नाहीं. कांहीं मॉनिटर संकेत येत नसतां मेनू उघडत नाहींत, पण ‘नो सिग्नल’ हीं अक्षरें क्षणभर तरी दाखवितात. असें कांहींहि दिसलें तर मॉनिटर बरा आहे असें समजावें. अक्षर देखील उमटत नसेल, तर खोलींत अंधार करून पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. पुसट चित्र दिसलें तर चित्र येत आहे, केवळ पडद्यामागचा दिवा विझला आहे. याच मेनूंत चित्र कोणत्या वाटेनें घ्यावयाचें हेंहि ठरवितां येतें. धूळ पुसतांना बटन दाबलें गेल्यानें मॉनिटर एचडीएमआयऐवजीं व्हीजीएच्या वाटेकडे डोळे लावून बसला आहे, असें पुष्कळदां घडतें. दिवाणखान्यांतील टेलिव्हिजन येथें फार उपयोगी पडतो. संगणकाची एचडीएमआय केबल त्याला जोडून चित्र आलें, तर पेटी निर्दोष ठरली. उलट घरांतील लॅपटॉप मॉनिटरला जोडून चित्र आलें, तर मॉनिटर निर्दोष ठरला.

केबलीची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळें फुकट गेलेल्या खेपा थोड्या नसतील. १९८७ सालीं आयबीएम कंपनीनें आणलेल्या व्हीजीए पद्धतींत तीन ओळींत १५ पिना असतात आणि तांबडा, हिरवा व निळा या रंगांच्या तारा वेगवेगळ्या असतात. त्यामुळें निळ्याची पिन वांकली तर पडदा पिवळट दिसतो, तांबड्याची वांकली तर हिरवट-निळा. हा कार्डाचा दोष नव्हे. एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट यांत रंग अंकांच्या रूपानें जातात, म्हणून तेथें केबल बिघडली कीं चित्रावर ठिणग्या उडाल्यासारखें दिसतें किंवा चित्र सबंध नाहींसें होतें. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुधा लहानशी खिटी असते. ती दाबल्याशिवाय ओढूं नये.

आतां पेटीच्या मागें वळूं. (या पेटीला आपल्याकडे सरसहा ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आंतील काड्यापेटीपेक्षांहि लहान चकती. पण नांव रुळलें आहे, दुकानदारहि तेंच बोलतात, तेव्हां त्यावरून वाद घालण्यांत हंशील नाहीं.) जेथें माऊस व कीबोर्ड जोडतात त्या उभ्या पट्टींतील चित्राचें सॉकेट मदरबोर्डाचें असतें, त्याखालीं आडव्या ओळींत असलेलीं सॉकेटें ग्राफिक्स कार्डाचीं. वेगळें कार्ड असेल तर केबल कार्डालाच जोडली पाहिजे. पुष्कळ मदरबोर्ड कार्ड बसविलेलें असतां आपलें सॉकेट बंद ठेवतात. शिवाय ज्या इंटेल प्रोसेसरांच्या नांवाशेवटीं ‘एफ’ हें अक्षर असतें, त्यांत चित्रविभाग उपलब्धच नसतो. दिवाळीच्या साफसफाईनंतर ‘बंद’ पडलेल्या संगणकांपैकीं कित्येकांचें दुखणें एवढेंच असतें.

येथवर सर्व ठीक असेल, तर यंत्र जागें आहे कीं नाहीं तें पाहावें. दोन-तीन मिनिटें थांबून कीबोर्डावरील कॅप्सलॉक दाबावें. त्याचा दिवा प्रत्येक दाबण्यासरशीं लागत-विझत असेल, तर आंतील कारभार बहुधा चालू आहे व अडचण चित्राच्याच वाटेवर आहे. दिवा ढिम्म हालत नसेल, तर यंत्र आरंभींच अडलें आहे.

हें अडणें चित्र उमटण्यापूर्वींचें असल्यामुळें संगणकाला तें पडद्यावर सांगतां येत नाहीं. १९८१ सालच्या आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून यावर एक युक्ति चालत आली आहे: यंत्र सुरू होतांच स्वतःची तपासणी करतें व दोष आढळल्यास लहान भोंग्यांतून आवाज देतें. एक लांब व दोन आंखूड आवाज आले कीं चित्राच्या भागांत दोष, हा त्या पहिल्या यंत्राचा संकेत पुढें अवॉर्ड कंपनीच्या बायॉसनेंहि ठेवला; अमेरिकन मेगाट्रेंड्सच्या बायॉसमध्यें आठ आंखूड आवाज चित्राच्या स्मृतीचा दोष सुचवितात. नव्या यंत्रांत भोंगा बहुधा नसतो. त्याऐवजीं कित्येक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट अशा चार नांवांचे चिमुकले दिवे असतात. त्यांतील जो लागून राहील तेथें घोडें अडलें आहे. मदरबोर्डाची पुस्तिका यासाठींच जपून ठेवावी. ती रद्दींत गेली असल्यास कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते.

चित्र नसण्याचें कारण पुष्कळदां कार्ड नसून रॅम असते, हें ऐकून नवल वाटेल. परंतु रॅम मिळाल्याशिवाय यंत्राचें पुढें पाऊलच पडत नाहीं, मग चित्र कोठून यावें? कोंकणांतील दमट हवा, शहरांतील धूळ आणि टेबल हलवितांना बसलेले धक्के यांनीं रॅमच्या पट्टीचा सांधा बिघडतो. पेटी उघडण्यापूर्वीं भिंतींतलें बटन बंद करावें, पॉवरची केबल काढावी, मग पेटीचें बटन दोन-चार वेळां दाबून आंत उरलेली वीज जाऊं द्यावी, आणि अंगावरील स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. पॉवर सप्लायची डबी मात्र कोणत्याहि कारणानें उघडूं नये. केबल काढल्यावरहि तिच्यांत जीवघेणा विजेचा सांठा राहूं शकतो. रॅमची पट्टी काढून, तिची सोनेरी कड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या तलम कापडानें पुसून, वाळल्यावर खांच जुळवून दोन्ही कडा बसेपर्यंत दाबावी. दुकानांत ही कड खोडरबरानें घांसतात; त्यानें काम होतें, पण रबराचा भुगा खांचेंत गेला तर एक दुखणें जाऊन दुसरें येतें. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. डीडीआर ५ जातीची रॅम असलेलें यंत्र पट्ट्या बदलल्यावर पहिल्या खेपेस कित्येक मिनिटें पडदा काळाच ठेवून तिची जुळणी करीत बसतें. तेव्हां घाबरून वीज तोडूं नये.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम तरुण मंडळींना फार जाचक वाटतो. केबल, रॅम व कार्ड तिन्ही एकदम हालवून यंत्र सुरू झालें तर आनंद होतो खरा, पण दोष कशांत होता तें कळत नाहीं, व महिन्याभरानें तोच खेळ पुन्हां मांडावा लागतो.

कधीं कंपनीचें चिन्ह पडद्यावर व्यवस्थित दिसतें आणि विंडोज सुरू होतांना अंधार पडतो. हें लक्षण मोलाचें आहे. कार्ड, केबल व मॉनिटर हे येथवर काम करीत होते, म्हणजे संशय बहुतांशीं कार्डाच्या ड्रायव्हरवर येतो. अशा वेळीं विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबल्यास ड्रायव्हर नव्यानें सुरू होतो. त्यानेंहि भागलें नाहीं, तर सुरू होणारें यंत्र लागोपाठ दोन-तीन वेळां मध्येंच बंद केल्यानें दुरुस्तीचा निळा पडदा येतो, व तेथून सेफ मोडमध्यें जाऊन नवा ड्रायव्हर काढून जुना घालतां येतो. याच्या उलट, कंपनीच्या चिन्हावरच रेघा वा रंगीत चौकटी दिसत असतील आणि दुसऱ्या केबलीनेंहि त्या जात नसतील, तर ड्रायव्हरला दोष देऊं नये. तो अद्याप रंगभूमीवर आलेलाच नसतो.

उरलें खुद्द कार्ड. मदरबोर्डाच्या खांचेंतून त्याला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. मोठ्या कार्डांना अधिक लागते, म्हणून सहा पिनांची जोडणी आणखी ७५ व आठ पिनांची १५० वॅट पुरविते. ही जोडणी ढिली असली कीं कार्ड मुकें होतें. कार्डाचा पंखा फिरत नाहीं एवढ्यावरून मात्र तें मेलें असें ठरवूं नये. कित्येक नवीं कार्डें थंड असेपर्यंत पंखा मुद्दाम बंद ठेवतात. कार्ड काढून, सोनेरी कड पुसून, खिटीचा आवाज येईपर्यंत पुन्हां बसवावें. प्रोसेसरला स्वतःचा चित्रविभाग असल्यास कार्ड बाजूला ठेवून मॉनिटर मदरबोर्डाला जोडावा. चित्र आलें तर निदान पुरें झालें, आणि मुलांचे खेळ सोडून घरचें बहुतेक काम त्यावर चालेल.

कार्डें मरतात तीं बहुधा उष्णतेनें. चालू असतां चिप तापते, बंद केल्यावर निवते. या रोजच्या फुगण्या-आकसण्यानें तिच्याखालच्या बारीक डाखांना तडे जातात. २००८ सालीं एनव्हिडिया कंपनीला लॅपटॉपमधील आपल्या कांहीं चिपांच्या अशाच दोषापायीं १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली होती. यावर कार्ड भट्टींत भाजण्याचा एक उपाय पुष्कळांनीं केला आहे. भाजलेलें कार्ड कधीं कधीं कांहीं दिवस चालतेंहि, पण तें टिकत नाहीं. आणि ज्या ओव्हनमध्यें घरचीं नानकटाई व्हावयाची, त्यांत डाख व प्लॅस्टिक यांचा धूर कोंडणें आम्हांस तरी शहाणपणाचें वाटत नाहीं.

इतकें करूनहि पडदा काळाच राहिला तर दुकान गांठावें. काय काय तपासलें याची चिठ्ठी बरोबर द्यावी, पण डिस्क घरींच काढून ठेवावी. चित्राचा दोष शोधण्यास तिची जरूरी नसते. कंपनीचें चिन्ह तिच्यावांचूनहि दिसतें. साध्या डिस्कला दोन केबली असतात, एम.२ जातीच्या एसएसडीला बहुधा एकच स्क्रू.

मदरबोर्ड बदलावयाचें ठरलें तर मात्र एक गोष्ट आधीं केली पाहिजे. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते व त्या कुलपाचा संबंध मदरबोर्डाशीं असतो. बोर्ड बदलतांच यंत्र ४८ आंकडी किल्ली मागतें, आणि ती न मिळाल्यास निर्दोष डिस्कवरचीं छायाचित्रेंहि उघडत नाहींत. ही किल्ली ज्यानें यंत्र प्रथम सुरू केलें त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत सामान्यतः ठेवलेली असते, व तें खातें पुष्कळदां पुण्याहून बंगळूरला किंवा परदेशीं गेलेल्या मुलाचें असतें. त्याला फोन करून ते ४८ आंकडे उतरून घ्यावे, एकदां मोठ्यानें वाचून ताडून पाहावे, कागद घराच्या दस्तऐवजांबरोबर कपाटांत ठेवावा, आणि मगच दुकानदारास होकार द्यावा.