मास्तर मिळतात, टिकतात का?

शिक्षकांची वाण पडली की आपण भरतीची मागणी करतो. नेमलेला मास्तर टिकेल का, हे मात्र कुणी विचारीत नाही. आपल्या राज्याने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन. प्राथमिक शाळेत ते दरमहा ३००० रुपये होते. तिजोरीचा भार हलका झाला खरा. पण परजिल्ह्यात गेलेल्या तरुणाने त्यात खोलीचे भाडे द्यावे, खानावळीचे बिल भागवावे, की घरी चार पैसे पाठवावेत? २०२३ मध्ये हे मानधन ६००० वरून १६००० रुपयांवर नेले. मुदत मात्र तीन वर्षांचीच राहिली. अशी वर्षे काढलेला शिक्षक कायम होताच बदलीचा अर्ज करतो, यात नवल कसले? दुर्गम गावी प्रथमपासून पूर्ण वेतन आणि शाळेलगत राहते घर दिले, तर त्यातले काही तरी तेथे राहतील.