शूर शिपाई यशवंत घाडगे

मुंबईहून आपल्याकडे यायला लागलं की वाटेत माणगाव लागते. त्या माणगावात एका शिपायाचा पुतळा आहे. तो नाईक यशवंत घाडगे यांचा. त्यांची माहिती मी आज सांगणार आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. आता तो भाग रायगड जिल्ह्यात आहे, तेव्हा त्याला कुलाबा जिल्हा म्हणत. म्हणजे ते आपल्या शेजारचेच, कोकणातले. मोठे झाल्यावर ते मराठा पलटणीत भरती झाले.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. म्हणून आपल्या पलटणी दूरदूरच्या देशांत लढायला गेल्या. घाडगे यांची पलटण इटलीत होती. गुरुजींनी आम्हाला नकाशात इटली दाखवली. ती बुटासारखी दिसते. तिथे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन सैन्य दबा धरून बसले होते.

पलटणीतल्या लहान तुकडीला सेक्शन म्हणतात. त्यात साधारण दहा शिपाई असतात. घाडगे अशा तुकडीचे पुढारी होते. १० जुलै १९४४ रोजी तुकडी पुढे जात असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. मशीनगन मिनिटाला शेकडो गोळ्या मारते. घाडगे सोडून तुकडीतले सगळे शिपाई मेले नाहीतर जखमी झाले.

मित्रांनो, आता विचार करा. मशीनगन चालू असली की जखमींना उचलायला कोणी येऊ शकत नाही. मागून येणारेही मरतात. म्हणून ती बंद करायलाच हवी. पण करणार कोण? घाडगे एकटेच उरले होते.

ते एकटेच धावत गेले. आधी त्यांनी हातबॉम्ब टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प झाले. मग आपल्या टॉमीगनने त्यांनी आणखी एकाला मारले. टॉमीगनमध्ये नव्या गोळ्या भरायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी तिची नळी हातात धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. ठाणे घेतले! पण लपलेल्या शत्रूंनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. एकट्याने घेतलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. तेव्हा ते फक्त २२ वर्षांचे होते.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळाले. इंग्रजांच्या सैन्यात ते शौर्याचे सर्वांत मोठे पदक होते. ते त्यांच्या पत्नीच्या हाती दिले गेले. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावात त्यांचे स्मारक झाले. ते सूर्यघड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्याच्या बोधवाक्याचा अर्थ आहे. मला तो फार आवडला.

माझा चुलतभाऊ भरतीसाठी रोज पहाटे धावतो. काकू त्याला नको म्हणते. पदक मिळालं तरी माणूस परत येत नाही, असं ती म्हणते. तिचंही खरं आहे. म्हणून जे परत आले नाहीत, त्यांची नावं आपण तरी विसरायची नाहीत. माणगाववरून जाताना तो पुतळा जरूर बघा आणि हात जोडा.

नाईक यशवंत घाडगे यांना माझे वंदन.

– इयत्ता ४ थी